टेपचं काम चालू आहे

२२ ऑक्टोबर, पाडवा. दुपार.
आम्हा गुजर मंडळींचं नवं वर्ष आज लागतं, म्हणून रोजनिशीही आजच सुरू. नियम दोनच. रोज लिहायचं आणि खरं लिहायचं.

सकाळी पाया पडायला आलेल्या भाऊबंदांसमोर बापूंनी जाहीर केलं की यंदा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घ्यायची. बापू, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढचे आहेत. घोडीवर बसणार कोण, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. बांधणार कुठे, एवढं काकांनी विचारलं. बापूंनी हाताने पत्र्याचं शेड दाखवलं. शेडमध्ये माझी गाडी असते. बापू म्हणाले, "हाई डबडं इकी टाकू. ती जागामा घोडी बांधसूत."

डबडं! दोन हजार चारचं मॉडेल आहे. शहाद्याच्या डॉक्टरांनी अगदी जपून वापरलेली गाडी. मी शांतपणे विचारलं (बायकोच्या, सीमाच्या मते ओरडलो) की गाडीत वाईट काय आहे ते सांगा. बापू म्हणाले, टेप.

इथे माझी अडचण झाली. डॉक्टरांनी गाडी दिली तेव्हाच टेपमध्ये एक कॅसेट अडकलेली होती. ती अजून अडकलेली आहे. योगनिद्रेची आहे. गाडी सुरू केली की एक बाई संथ आवाजात सांगते, डोळे मिटा, खांदे सैल सोडा. बंदचं बटण दाबलं तर बाई गप्प बसते, पण पुढच्या खड्ड्यात आपोआप सुरू होते. शहाद्याला जाताना बापू दर वेळी तिच्याशी भांडतात. "कोन शे हाई? माले खांदा ढिला सोडाले सांगस!"

मी सगळ्यांदेखत शब्द दिला की यात्रेपर्यंत या टेपमध्ये फोनवरची गाणी वाजतील. बापूंची भजनंसुद्धा. बापूंनीही सगळ्यांदेखत अट घातली. दत्तजयंतीला यात्रेत जाताना फोनमधलं भजन गाडीच्या टेपमध्ये वाजलं तर गाडी राहील. नाही वाजलं तर गाडी जाईल आणि घोडी येईल.

सोपं आहे. आठवड्याभराचं काम.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
काम सुरू केलं नाही. सणावाराला विजेच्या कामाला हात लावू नये.

सीमाचा भाऊ हेमराज ओवाळून घ्यायला आला होता. शहाद्याला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे आणि त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. म्हणाला, तो जुना टेप काढून फेका, मोठा टचस्क्रीन बसवा. मी समजावलं की हा कंपनी फिटेड आहे. टेप आणि एसीची बटणं एकाच पट्टीत आहेत. एक काढलं की सगळं तोंड उघडं पडतं. शिवाय ओरिजिनल ते ओरिजिनल. हेमराज म्हणाला, "पन दाजी, तुम्ही गाडी चालाडतस कव्हय? नुसता बठी तं ऱ्हातस."

मी म्हटलं, बसतो तेव्हा टेस्टिंग करत असतो. कसलं टेस्टिंग, असं त्याने विचारलं. मी त्याला आणखी एक करंजी वाढली.

२४ ऑक्टोबर
खरं लिहायचा नियम केलाय तर लिहितो. आमच्या घरात सहा खोल्या आहेत आणि कुठूनही कुठेही जायचं तर बापूंच्या खाटेवरून जावं लागतं. खाटेवरून गेलं की काम मिळतं. ठिबकची नळी बघ. केळीचे घड झाकले का बघ. बघून आलं की, नीट बघितलं का बघ. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, बी.एस्सी. आहे, आणि कपाशीवर कधी फवारायचं हे मी आजवर एकदाही ठरवलेलं नाही.

म्हणून जेवण झालं की गाडीत येऊन बसतो. काचा वर, सीट मागे. लपत नाही. बसतो. त्या तासाभरात मला कोणी काही बघायला सांगत नाही. जगात माझ्या नावावर एवढी एकच जागा आहे आणि तिच्यात माणसाला पाय नीट लांब करता येत नाहीत. तरी बरं वाटतं.

तिथे घोडी बांधणार म्हणे.

२७ ऑक्टोबर
कामाला धडाक्यात सुरुवात. ऑनलाइन मागवलेला कॅसेट अ‍ॅडाप्टर आला. फार हुशार वस्तू. दिसायला कॅसेट, पण तिला शेपटीसारखी वायर. कॅसेट टेपमध्ये घालायची, वायर फोनला लावायची, फोनवरचं गाणं टेपमधून वाजतं. प्रश्न संपला.

फक्त आधी योगनिद्रेची कॅसेट बाहेर काढायची.

सुरीने प्रयत्न केला. मग पकडीने. मग सीमाच्या स्वयंपाकघरातल्या चिमट्याने. चिमट्याचं टोक आत राहिलं. आता बाई आणखी संथ बोलते. "खां... दे..." म्हणते आणि 'सैल सोडा' म्हणेपर्यंत गावाची वेस येते.

सीमाने चिमटा कुठे आहे विचारलं. बघतो म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या चिमट्याचा मोठा भाग सुखरूप आहे.

२ नोव्हेंबर, रविवार
कॅसेटच्या नादी लागणं हा मागासलेला विचार होता. हेमराजने एफएम ट्रान्समीटर सुचवला (आधी मीच सुचवणार होतो). लायटरच्या भोकात खुपसायचा, फोन ब्लूटूथने जोडायचा, त्याच्यावर दिसणारा नंबर टेपच्या रेडिओवर लावायचा. गाणी हवेतून रेडिओत जातात.

लावला आणि वाजला! पहिल्या फटक्यात! अर्धा तास डोळे मिटून ऐकत बसलो. घोडीचा विषय संपला. बापूंना लगेच सांगत नाही. दत्तजयंतीला एकदम दाखवीन, म्हणजे त्यांना बोलायला वेळच मिळणार नाही.

सीमाला सांगितलं. ती म्हणाली, झालं का काम? मी म्हटलं, झालंच, थोडं फाइन ट्यूनिंग बाकी आहे. तिने मान हलवली आणि भाकरी थापत राहिली. बायकांना तंत्रज्ञानाचं कौतुक कमी.

६ नोव्हेंबर
जे घडलं ते शांतपणे लिहितो.

ऊसतोड सुरू झालीय. आमचा ट्रॅक्टर भरून शेडला खेटून उभा होता. पुढे गल्लीत कारखान्याला निघालेल्या आणखी चार-पाच जणांच्या ट्रॉल्या. आमच्या ट्रॅक्टरवर गोवाल. धडगावकडचा पावरा आदिवासी, दहा वर्षं आमच्याकडे वर्षाच्या करारावर सालदार आहे. त्याने यंदा ट्रॅक्टरवर लग्नात लावतात तसले भोंगे बसवलेत.

मी गाडीत आवाजाची चाचणी घेत होतो. गाण्याने आवाजाचा साफपणा कळत नाही. माणसाचं बोलणं लागतं. म्हणून फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड केलं. सहज, तोंडाला येईल ते. मग ते ट्रान्समीटरवरून वाजवून मोठ्या आवाजात ऐकलं. छान वाजलं. पुन्हा ऐकलं.

मला कल्पना नव्हती की गोवाल चार दिवस ट्रॅक्टरच्या रेडिओवर माझाच नंबर लावून माझी गाणी फुकट ऐकत होता.

रेकॉर्डिंगमध्ये साधारण असं होतं. हॅलो टेस्टिंग, मी योगेंद्र शांतीलाल पाटील बोलतोय. या घरात मला कोणी काही विचारत नाही. बापूंनी आजवर मला तुला काय वाटतं असं एकदाही विचारलेलं नाही. मी काय सालदार आहे का? सालदाराला निदान पाडव्याला सोडून जाता येतं. हॅलो टेस्टिंग.

हे भोंग्यांतून दोनदा वाजलं. गल्लीतल्या सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांनी इंजिनं बंद करून ऐकलं. बापू तिथेच ट्रॉलीचे दोर बघत उभे होते. नंतर गोवालने सांगितलं की बापू आधी खूश झाले होते. आजूबाजूच्यांना म्हणाले, "ऐका, मन्हा पोऱ्या रेडिओवर बोली ऱ्हायना."

मग त्यांनी काचेवर टकटक केली. मी काच खाली घेतली. बापू वाकून म्हणाले, "आवाज साफ शे."

आणि ट्रॉलीचे दोर बघायला परत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

७ नोव्हेंबर
बापूंनी सीमाकरवी निरोप पाठवला. हवेतून नको. घरातलं घरात राहिलं पाहिजे. टेपमध्ये फोन वाजवायचा तर वायरीने वाजवायचा. नाही तर घोडी.

ट्रान्समीटर काढून ठेवला. गोवाल येऊन म्हणाला, "भाऊ, गाणं काब्र बंद कयं?" मी त्याच्याशी बोललो नाही. त्यानेच कानाकोपऱ्यापर्यंत पोहोचवलं. पण एक गोष्ट लक्षात आली. आवाजाची क्वालिटी खरंच चांगली होती.

बापू आज मला काहीही बघायला म्हणाले नाहीत. मी खाटेवरून तीनदा गेलो. मुद्दाम हळू गेलो. वाईट वाटलं.

१० नोव्हेंबर
शहाद्याला एसटी स्टँडमागे पवनचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. पवनने टेपकडे बघितलंही नाही. म्हणाला, काका, आजपर्यंत माझ्या हातून एकही टेप सुटला नाही. हे वाक्य मला फार धीर देऊन गेलं.

त्याची योजना अशी की कॅसेटला हातच लावायचा नाही. टेप मागून उघडायचा, आतल्या पट्टीवर दोन वायरी टाकायच्या आणि डॅशबोर्डमधून फोनसाठी एक पिन बाहेर काढायची. त्याला ऑक्स म्हणतात. मला आधीपासून हेच करायचं होतं. बाकीचे प्रयोग म्हणजे त्याचीच पूर्वतयारी.

गाडी त्याच्याकडे ठेवून एसटीने परत आलो. जेवणानंतर बसायला कुठे जावं कळेना. शेडमध्ये नुसता उभा राहिलो. बापूंनी लांबून बघितलं आणि गोवालला सांगून शेडची जागा मोजून घेतली. घोडीसाठी.

१२ नोव्हेंबर
गाडी आणली. ऑक्स चालू! फोन जोडला, गाणं लावलं, आवाज शून्य. पवनला फोन केला. म्हणाला, काका, कॅसेट फिरत असेल तरच ऑक्सला आवाज मिळतो, टेपची आतली रचना तशी आहे. कॅसेट चालू करा.

चालू केली. गाणं आलं. बाईही आली.

आता दोघंही एकत्र वाजतात. बापूंचं भजन लावून बघितलं. भजनी मंडळ टाळ कुटतंय आणि मध्येच बाई सांगते, पोट सैल सोडा. बाईचा आवाज जरा वरचढ आहे. डावीकडचा इंडिकेटर दिला की टिकटिक स्पीकरमधून येते, ती तालात येत नाही.

पवन म्हणतो, सवय होऊन जाईल. मला वाटतं यात तथ्य आहे. भजन आणि योग तसे एकाच वाटेने जातात. बापूंना नीट समजावलं तर पटेल.

१३ नोव्हेंबर
समजावलं. पटलं नाही.

१८ नोव्हेंबर. संध्याकाळ.
इंडिकेटरची टिकटिक घालवायला आज स्वतःच दोन-तीन फ्यूज काढून बघितले. दुपारची वेळ, गाडीत बसून, काचा वर. एक फ्यूज परत लावताना खट्ट असा आवाज झाला आणि चारही दारांची लॉकं एकदम पडली. ती पुन्हा उठेनात. काचांचा फ्यूज कुठला ते कळेना, म्हणून काचाही उतरेनात. हॉर्नचा फ्यूज माझ्या खिशात होता, पण त्याचं घर कुठलं ते सापडेना. फोन घरात चार्जिंगला.

बाई मात्र चालू. सगळे फ्यूज काढले तरी ती चालू होती. पवनने तिला थेट बॅटरीवरून लाइन दिलीय, असं आता कळलं.

मी काचेवर हात मारले. गोवाल समोरून गेला. मी दोन्ही हात हलवले. त्यानेही दोन्ही हात हलवले आणि गेला. शेजारची म्हातारी गोवऱ्या घेऊन गेली. तिने बघितलं, मी ओरडलो, तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान खाली घालून निघून गेली. घामाने अंगाला चिकटलेला शर्ट, आत मी, आणि बाई म्हणते, आता तुम्ही पूर्ण मोकळे आहात. तुम्हाला कुणाचंही बंधन नाही. श्वास घ्या.

श्वासच घ्यायला जागा नव्हती. खरं लिहितो, थोडा रडलो.

शेवटी सीमाने घरातून दुसरी किल्ली आणून बाहेरून दार उघडलं. मी म्हटलं, टेस्टिंग चालू होतं. तिने तांब्याभर पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. मी तिला विचारलं की इतका वेळ कोणी आलं कसं नाही. ती म्हणाली, चला, गार वाऱ्यात बसा आधी.

१९ नोव्हेंबर
पवनला फोन केला. तो म्हणाला, काका, तुम्ही फ्यूजला हात लावला तिथे माझी गॅरंटी संपली. फ्यूज एकेक करून परत बसवले, हॉर्न सोडून सगळं चालतं. सध्या दाराची काच थोडी उघडी ठेवून बसतो. मच्छर येतात, पण सेफ्टी फर्स्ट.

२६ नोव्हेंबर
रोज लिहायचा नियम थोडा ढिला पडलाय. कामाचा ताण.

आढावा. कॅसेट आत. चिमट्याचं टोक आत. अ‍ॅडाप्टर बाहेर, डिकीत. ट्रान्समीटर बंदीत. ऑक्स चालू, पण बाईसकट. थोडक्यात ऐंशी टक्के काम झालेलं आहे.

बापूंनी घोडीसाठी नाल, लगाम, मण्यांची माळ असं सगळं काढून ठेवलंय. त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांकडे घोडी होती. काल खाटेवरून जाताना त्यांनी मला थांबवलं. वाटलं, काहीतरी बघायला सांगतील. पण त्यांनी घोडीचं नाव काय ठेवावं असं विचारलं. मला! पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं, आणि विचारलं ते हे. मी म्हटलं, तुम्हाला आवडेल ते ठेवा. तिथून निघून गाडीत येऊन बसलो.

गाडी गेली तर मी कुठे बसू? हा प्रश्न कोणाला विचारताही येत नाही. माणसाला घर असताना बसायला जागा नाही, असं कसं सांगणार?

तरीही अजून आठ दिवस आहेत. घाबरायचं कारण नाही.

३ डिसेंबर
घाबरलो आहे.

४ डिसेंबर, दत्तजयंती. संध्याकाळ.
सविस्तर लिहितो, कारण आजचा दिवस माझा आहे.

सकाळी बापू फेटा बांधून पुढच्या सीटवर बसले. मागे सीमा, नारळ आणि लगाम. ऑक्सला फोन लावून मी भजन सुरू केलं. मनात ठरवलं होतं की आवाज एवढा मोठा ठेवायचा की बाई दबून जाईल. बाई दबली नाही. मोठी झाली. तापीच्या पुलाच्या अलीकडे यात्रेची गर्दी लागली. टांगे, ट्रॅक्टर, घोडे, सगळे थांबलेले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मागून हॉर्न. डाव्या बाजूला एक घोडा काचेला नाक लावून आत बघत होता. आणि गाडीत टाळ, मृदंग, बाई आणि टिकटिक. बापूंच्या कपाळावरची शीर फुगलेली मला दिसत होती. बाई म्हणाली, राग सोडून द्या.

बापूंनी डॅशबोर्डवर थाड करून हात मारला. अडलेल्या बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तसा. "गप ना वो, माय!"

कट्ट. कॅसेट बाहेर आली. चिमट्याचं टोकसुद्धा.

मी उतरलो, गर्दीत डिकी उघडली, अ‍ॅडाप्टर काढला, टेपमध्ये घातला, वायर फोनला लावली. भजन वाजलं. नुसतं भजन. स्वच्छ, मोकळं, चारही स्पीकरमधून. पखवाजाची थाप सीटमधून पाठीला लागत होती.

बापूंनी डोळे मिटले. खांदेही सैल सोडले, स्वतःहून. एक भजन संपलं. म्हणाले, "आखो एक लाव." मग आणखी एक. यात्रेच्या मैदानात गाडी लावली तेव्हा सीमा दर्शनाला उतरली. मी म्हटलं, बापू, घोड्या बघायला चला. बापू म्हणाले, "तू जा, दखी ये. मी आठेच बठस."

मी शेकडो घोड्यांतून फिरून आलो. एकही नीट बघितला नाही. परत आलो तेव्हा बापू तसेच बसलेले, मांडीवर बोटांनी ठेका धरलेला. घोडी घेतली नाही. गाडी राहिली!

येताना बापूंनी हेमराजला फोन लावायला सांगितला आणि त्याला म्हणाले, योगूने टेप केला. माझ्या उभ्या आयुष्यात बापूंनी माझं नाव असं घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. मला गाडी चालवताना पुढचं धूसर दिसत होतं.

५ डिसेंबर
शांत दिवस. जिंकलेल्या माणसाने फार लिहू नये. दुपारी जेवून गाडीकडे गेलो तर बापू आत बसलेले होते. एक भजन ऐकतो म्हणाले. फोन मागून घेतला. मी बाहेर उभा राहिलो. वडिलांना सुख मिळालं याचा आनंद आहे.

७ डिसेंबर
आजही. बापूंना सीट मागे कशी करायची ते शिकवलं.

९ डिसेंबर
बापूंची उशी आणि पानपुडा गाडीत आला. घरातली खाट तशीच रिकामी आहे. मी विचार केला, मग मी खाटेवर बसतो. बसलो. पहिल्या पाच मिनिटांत काका, दूधवाला आणि ठिबकचा माणूस येऊन काय करायचं ते विचारून गेले. मला काही सांगता आलं नाही. बापूंना विचारून सांगतो म्हणालो आणि गाडीकडे जाऊन विचारून आलो. तीनदा.

११ डिसेंबर
फोन दिवसभर बापूंकडे असतो. हेमराजने मला काही महत्त्वाचं सांगायला फोन केला होता. बापूंनीच उचलला, बोलले आणि ठेवून दिला. काय महत्त्वाचं होतं ते दोघांनीही सांगितलं नाही.

गाडीच्या दाराशी आता दोन खुर्च्या मांडल्यात. गावातली म्हातारी मंडळी येतात. मागच्या सीटवरही बसतात.

१४ डिसेंबर, रविवार. दुपार.
हे ट्रॅक्टरच्या सीटवर बसून लिहितोय. ऊन आहे.

सीमा धान्य वाळत घालायला अंगणात आली होती. तिला म्हटलं, बापूंना सांग ना, दुपारी तासभर गाडी मला लागते. टेस्टिंग असतं. ती मग म्हणाली की एवढी वर्षं तिनेच घरच्यांना आणि गाववाल्यांना बजावून ठेवलं होतं. "मी सगळासले सांगी ठेयेल व्हतं, त्या टेप दुरुस्त करी ऱ्हायनात, तठे कोनी जाऊ नका."

मला वाटायचं की मी तिथे का बसतो हे कोणाला माहीतच नाही. मी म्हटलं, मग आताही तेच सांग.

ती म्हणाली, "आते टेप दुरुस्त व्हई गया ना. आते काय सांगू?"

तिने पदराने कपाळ पुसलं आणि पुन्हा ज्वारी पसरायला लागली. मी तिला मदत केली. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. हॉर्न आता वाजतो, पवनने येऊन करून दिला. हॉर्न म्हणजे चहा. मी चहा घेऊन गेलो. बापूंनी कप घेतला आणि भजनाचा आवाज जरा कमी करून माझ्याकडे बघितलं. वाटलं, आत बस म्हणतील. बाजूची सीट रिकामी होती, उशी सोडली तर.

बापू म्हणाले, "दार लाव, मच्छर घुसतस."

दार मी बाहेरून लावलं.